पथकातला दादा आणि आम्ही ‘मिटवलेली’ एक गोष्ट

टिपरू

पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात मी पंधरा-सोळा वर्षं आहे. आधी वादक, मग ढोल शिकवणारा, आता कमिटीत. पथकाचं नाव लिहीत नाही. खालच्या मजकुरातले ओळख पटण्यासारखे तपशीलही बदललेत.

गेल्या वर्षी सराव चालू असताना एका मुलीच्या मैत्रिणीने आमच्या एका ताईला बाजूला घेतलं आणि मोबाइल दाखवला. मुलगी शाळकरी. मेसेज करणारा आमचाच, पंचविशीतला, ताशावर सुरेख हात असलेला, पोरांचा लाडका दादा. सुरुवात ‘आज छान वाजवलंस’पासून. मग ‘झोपलीस का’. मग ‘ग्रुपवर नको, इथेच बोल’. मग ‘घरी सांगू नकोस, त्यांना कळायचं नाही’. शेवटी फोटो मागितला होता. कसला ते लिहीत नाही.

त्या रात्री आम्ही पाच जण टपरीवर बसलो. दीड तास. त्यातला सव्वा तास पथकाचं नाव, तीन आठवड्यांवर आलेली मिरवणूक आणि ‘त्याच्या आईला काय वाटेल’ यात गेला. मुलीचा विषय निघाला तो ‘ती पण रिप्लाय करत होती ना’ एवढ्यापुरता. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिच्या आईवडिलांना ‘जरा मोबाइलवर लक्ष ठेवा’ म्हणून मोकळे झालो. मिटलं.

या जूनमध्ये नदीपात्राच्या बाजूने गाडीवरून येताना दुसऱ्या एका पथकाचा सराव बघायला थांबलो. तर तोच. गळ्यात ताशा, समोर बारा-तेरा वर्षांची सात-आठ पोरं, काड्या कशा धरायच्या ते शिकवतोय. मला बघून त्याने हात केला. मीही केला.

मीही केला, हे लिहायला मला महिना लागला.

आता कमिटीने ‘मुलांच्या सुरक्षेची नियमावली’ लिहायचं काम माझ्याकडेच दिलंय. पथक, ट्रेकिंग ग्रुप, संस्कार शिबिर, बालनाट्य, कुठेही बिनपगारी माणसांच्या भरवशावर मुलं सांभाळत असाल तर तुम्ही काय करता ते सांगा.

चष्मिष

कुठलं पथक? निदान भाग तरी सांगा. आमची मुलगी पण जाते हो सरावाला.

काळा_कोट

चष्मिष, काळजी कळते, पण इथे कोणीही अंदाज बांधू नका. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पथक कळलं की मुलगी कळायला दोन दिवस लागत नाहीत.

टिपरू, तुम्हाला कडू लागेल ते आधी सांगते. नियमावली नंतर. तुम्ही पाच जणांनी टपरीवर जे केलं त्याला कायद्यात नाव आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं, असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्या कोणाही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. ‘कोणाही’ म्हणजे त्यात पगारी-बिनपगारी असा भेद नाही. न कळवलं तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत, वर दंड. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क ठेवणं, मग ते मोबाइलवरून का असेना, कलम ११ मध्ये येतं. स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. आणि ‘ती पण रिप्लाय करत होती’ याला अठराच्या खाली काडीची किंमत नाही.

बदलापूरच्या शाळेचं प्रकरण २०२४ च्या ऑगस्टमध्ये पेटलं, तेव्हा पुढे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. तो वेळेत न कळवल्याचा. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल फिरवला.

वर्ष उलटलं म्हणून तुमची जबाबदारी उलटत नाही. आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्याला त्याच कलम १९ मध्ये संरक्षण आहे.

जुनाजाणता

आमच्याकडं सातारच्या बाजूला मंडळाचं लेझीम पथक आहे, उन्हाळ्यात पोरांचं शिबिर असतं. तीस वर्षं बघतोय. पोरांना शिकवायला संध्याकाळी दोन तास देणारी माणसं आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोणी रंगकाम करतो, कोणी दूध घालून येतो. त्यांच्यापुढं पोलीस पडताळणीचा कागद ठेवला तर उद्यापासून कोणी फिरकणार नाही. एका नासक्यासाठी सगळी टोपली ओतायची का? आणि मुलीच्या बापाला केस नको असली तर? तिचं लग्न व्हायचंय उद्या. वकीलबाईंचं कायद्याचं सगळं खरं, पण गावात राहायचं त्या पोरीलाच.

ताशावाली

मी आत्ता १९ ची आहे, बाराव्या वर्षापासून वाजवते (टिपरूंच्या पथकात नाही). कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आम्हाला माहीत असतं. कमिटीला कळायच्या खूप आधी. कुठल्या दादाच्या गाडीवरून घरी जायचं नाही, कोण ‘टेप लावून देतो’ म्हणून हात सोडत नाही, हे मुली एकमेकींना पहिल्याच आठवड्यात सांगतात. फक्त मोठ्यांना सांगत नाहीत. कारण सांगितलं की काय होणार हेही माहीत असतं. आई म्हणणार, उद्यापासून पथक बंद. म्हणजे चूक त्याची आणि ढोल माझा सुटणार.

आणि एक. ढोल कमरेला बांधायचा असतो. नवीन मुलीला पट्टा बांधता येत नाही, सैल राहिला तर ढोल मांड्यांवर आपटतो. मग शिकवणारा दादाच मागून हात घालून बांधतो. नव्वद टक्के दादा खरंच फक्त पट्टा बांधतात. पण उरलेल्याचा हात चुकून लागला की मुद्दाम, हे तेरा वर्षांच्या मुलीने कसं ठरवायचं? ती ठरवतच नाही. ती सरावाला यायचं बंद करते आणि सगळे म्हणतात, झेपलं नसेल.

टिपरू

ताशावाली, मी किती पट्टे बांधलेत याची मोजदाद नाही. एकदाही हा विचार मनात आला नाही.

जुनाजाणता, तुमची भीती माझीही होती. पण नासकं फळ मी माझ्या टोपलीतून काढून शेजारच्याच्या टोपलीत टाकलंय.

घाटमाथा

आम्ही शाळकरी मुलांचे ट्रेक नेतो, सगळे नोकरी सांभाळून. हा पट्ट्याचा प्रश्न आम्हाला रॅपलिंगमध्ये येतो. हार्नेस मांड्यांतून आणि कमरेवरून जातो, तो चुकीचा बसला तर जीव जातो, म्हणजे ‘हात लावणार नाही’ म्हणून चालत नाही.

आम्ही असं करतो: आधी जमिनीवर सगळ्यांना एकत्र दाखवायचं, एकाने स्वतःच्या अंगावर. मग मुलं आपापला चढवतात. मग जोडीदार तपासतो. शेवटी आमच्यातला एक जण फक्त बकल ओढून बघतो, आणि ओढायच्या आधी मोठ्याने म्हणतो, ‘आता कमरेचं बकल बघतोय.’ सगळ्यांसमोर. वेळ दुप्पट लागतो. पहिल्या वर्षी आमचीच माणसं हसली होती. आता सवयीने ट्रेकच्या बाहेरही बोलतात, एकाने म्हणे बायकोच्या स्कूटरचं हेल्मेट बघताना जाहीर घोषणा केली.

मुक्कामाचं जास्त अवघड. गडावरच्या देवळात किंवा गुहेत झोपायचं तर वेगळ्या खोल्या कुठून आणायच्या? मुली एका भिंतीकडे, मुलगे दुसऱ्या, मोठे मध्ये दाराच्या बाजूला, आणि एकाही मोठ्याची पथारी मुलांच्या रांगेत नाही. तंबू असतील तर मुलांच्या तंबूत मोठं माणूस झोपत नाही, ‘घाबरतोय बिचारा’ असलं तरी. रात्री बाहेर जायचं तर तिघांनी, दोन मुलं आणि एक मोठा किंवा नुसती तीन मुलं. एक मोठा आणि एक मूल, कधीच नाही. हा एकच नियम धरून ठेवला तर बाकीचे निम्मे नियम लिहायची गरज पडत नाही.

पारिजात७८

मी क्वचित लिहितो. एकच गोष्ट.

नियमावलीत सगळीकडे ‘मुली’ लिहू नका. मी मुलगा होतो, अकरा वर्षांचा, निवासी शिबिर. ते गृहस्थ आमच्या घरी जेवायला यायचे. आई त्यांना वाढायची आणि मी शेजारी बसायचो. पुढचं इथे लिहीत नाही.

मी आईला सांगितलं होतं. ‘मला तिकडे जायचं नाही’ एवढंच. एवढंच जमलं. आई म्हणाली, असं करू नये, ते तुझ्यासाठी किती करतात.

पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

काळा_कोट

पारिजात, लिहिलंत हे खूप आहे. बरोबर, त्या कायद्यात बालक म्हणजे अठराच्या खालची कोणीही व्यक्ती.

जुनाजाणता, तुमच्या दोन मुद्द्यांना उत्तर देते. मुलीच्या बापाला नको असेल तर? कायदा तो निर्णय बापावर सोडत नाही. हे कठोर आहे, माझ्या व्यवसायातले बरेच जण यावर भांडतात, कारण या सक्तीमुळे काही मुलं बोलतच नाहीत. मलाही त्यात तथ्य वाटतं. पण आज कायदा तसा आहे. फक्त लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, चौकीच्या बाकावर बसलेली मुलगी, ते कायद्यात नाही. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही. मुलाला रात्री चौकीत थांबवता येत नाही. आरोपीशी गाठ पडू द्यायची नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. प्रत्यक्षात कुठे कमी पडतं तिथे अडून बसायचं, म्हणूनच ही कलमं माहीत हवीत.

दुसरं, पडताळणी. २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांना, क्रीडा अकादमीसुद्धा, माणसांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायला सांगितलंय. पण तिथला शब्द कर्मचाऱ्यांचा आहे, म्हणून मंडळं, पथकं म्हणतात ‘आमच्याकडे कर्मचारीच नाहीत’. पळवाट आहे. ती तुम्ही वापरू नका एवढंच म्हणेन.

थेम्सकाठ

लंडनमध्ये रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, बिनपगारीच. इथे मुलांबरोबर नियमित काम करायचं तर डीबीएस तपासणी लागते. स्वयंसेवकांना तिची सरकारी फी माफ असते. मला पहिल्यांदा अर्ज भरताना अपमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. मी, दोन मुलांची आई, बाराखडी शिकवणार, आणि माझी गुन्हेगारी नोंद बघणार?

मग प्रशिक्षणात सोहमबद्दल सांगितलं. केंब्रिजशायरमधलं गाव, २००२. दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून. खुनी तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर. दुसऱ्या परगण्यात त्याच्याविरुद्ध आधी अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण शिक्षा एकातही नव्हती आणि ती माहिती इकडच्या पोलिसांपर्यंत, शाळेपर्यंत आलीच नाही. नंतर चौकशी बसली आणि २००६ चा कायदा झाला, आजची तपासणी त्यातून उभी राहिली.

टिपरू, तुमच्या नदीपात्रातल्या प्रसंगाशी याचं नातं तुम्हाला दिसलं असेलच.

पण तपासणीचं प्रमाणपत्र म्हणजे फक्त आजवर पकडला गेलेला नाही एवढंच. आमच्याकडे खरा उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा: एक ठरलेली व्यक्ती, जिचं नाव आणि नंबर भिंतीवर लावलेला असतो. काहीही खटकलं तर पुरावा न शोधता तिला सांगायचं. मी एकदा सांगितलं होतं, एका काकांबद्दल. काही निघालं नाही. काका अजून शिकवतात, आम्ही अजून चहा पितो. तक्रार म्हणजे फाशी नव्हे, हे आपल्या मंडळींना पटायला वेळ लागतो.

चष्मिष

पण मग दादा-ताई म्हणायचंच नाही का मुलांनी? सर-मॅडम म्हणायचं? पथकात शोभेल का ते?

ताशावाली

नको हो. दादाच बरं. फक्त दादा म्हटल्यावर तुम्ही मोठे लोक चौकशी थांबवता ते थांबवू नका. माझ्या आईने क्लासच्या सरांबद्दल दहा प्रश्न विचारले होते, पथकातल्या दादाला पहिल्या दिवशी घरी सोडायला सांगितलं. त्याचं आडनावही तिला माहीत नव्हतं.

टिपरू

मसुदा टाकतो, फोडून काढा. भाषा माझीच ठेवलीय, ठरावाची नाही.

सरावाला कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. मुलांशी मेसेज फक्त ग्रुपवर, ग्रुपात पालक आणि दोन कमिटीवाले असणारच. एकट्याला मेसेज नाही, इन्स्टावर नाही, रात्री साडेनवानंतर ग्रुपवरही नाही. अठराखालच्या कोणाला एकट्याने गाडीवर सोडायचं नाही, पाऊस असला तरी. बसने बाहेरगावी वाजवायला गेलो तर मोठे पुढच्या आणि शेवटच्या सीटवर, मध्ये मुलं. पट्टा घाटमाथांच्या पद्धतीने. नवीन शिकवणाऱ्याची चारित्र्य पडताळणी, आणि आधी जिथे होता तिथल्या प्रमुखाला फोन. एक ताई आणि एक दादा तक्रारीसाठी ठरलेले, त्यांचे नंबर आणि चाइल्डलाइनचा १०९८ वाद्यं ठेवतो त्या शेडच्या दारावर. तक्रार त्या दोघांबद्दलच असली तर थेट १०९८.

आणि शेवटचं: कोणाला काढलं तर का काढलं ते लिहून ठेवायचं.

घाटमाथा

फोनचं कलम सोन्याचं आहे. प्रश्न एकच विचारायचा: ‘या माणसाला मुलांबरोबर पुन्हा काम द्याल का?’ समोरचा दोन सेकंद गप्प बसला तरी उत्तर मिळतं.

जुनाजाणता

पडताळणी केली असती तरी तुमचा तो माणूस स्वच्छच निघाला असता. तुम्ही तक्रारच केली नाही, तर नोंद कुठून येणार?

काळा_कोट

जुनाजाणता, या धाग्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य तुमचं आहे.

टिपरू

(बारा दिवसांनी)

धागा वर काढतो. तपशील फार देणार नाही.

मुलीच्या घरी गेलो, ती ताई बरोबर होती. वडील आधी दारातच उभे राहून बोलले. ‘वर्षाने आठवलं का?’ म्हणाले. याला उत्तर नव्हतं. आईने आत बोलावलं. तिने स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, वर्षभर, आमच्यापैकी कोणी विचारेल म्हणून. पोलिसांकडे आम्ही आणि ते एकत्रच गेलो. जबाब घरी झाला, अधिकारी बाई साध्या कपड्यात आल्या होत्या, काळा_कोट यांनी सांगितलेलं कलम दाखवायची वेळ आली नाही. आम्ही पाच जणांनी आमचंही सांगितलं, तेव्हा का कळवलं नाही यासकट. त्याचं जे व्हायचं ते होईल.

मुलीने मला एकच विचारलं, या वर्षी नोंदणी संपली का. संपली होती. म्हटलं, नाही संपली.

त्या दुसऱ्या पथकाच्या प्रमुखाला फोन केला. काळा_कोट यांच्या सल्ल्याप्रमाणे मुलीबद्दल एक अक्षर नाही, फक्त आमच्याकडून त्याला का काढलं आणि आता पोलिसांत तक्रार आहे एवढं. बराच वेळ पलीकडून फक्त ताशाचा आवाज येत होता, सराव चालू होता त्यांचा. मग म्हणाला, ‘गेल्या वर्षी त्याला घेताना मी तुमच्या पथकातल्या एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, हात चांगला आहे.’

नियमावली मंजूर झाली. साडेनऊचं कलम दहा झालं, आणि गाडीवर सोडायच्या कलमावर दोघांनी राजीनाम्याची भाषा केली. एकाने दिलाही. पट्टे मुलं आपापले बांधतात. पहिल्या दिवशी चार ढोल सुटले.

पारिजात७८

वाचलं.

जुनाजाणता

सोमवारी आमच्या मंडळात ठेवतो मसुदा. बसचं कलम तेवढं बदलावं लागंल, आमच्याकडं एकच टेम्पो आहे आणि त्याला सीटा नाहीत.